खांबावरचा माणूस
एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आमच्या नाशिकरोडच्या अंगणातून दिसतात. तरी २००७ साली लोडशेडिंगने घरात अंधार! थोरलीची दहावी, म्हणून भिशीच्या पैशांतून जुना जनरेटर घेतला. वस्तीतल्या वायरमनला आम्ही दोघे म्हणालो, "सरळ प्लगात जोड, चेंजओव्हरचा खर्च नको."

त्याने पक्कड खाली ठेवली. "दादा, मेन बंद करायचा राहिला, तर वीज उलटी तारेत जाईल. ट्रान्सफॉर्मरमधून ११,००० व्होल्टपर्यंत चढेल. खांबावर लाइनमन असेल."

आम्ही गप्प. आमचे वडील जन्मभर खांबावरच चढले होते. आणि हे आम्हाला परक्या पोराने सांगावे!

चेंजओव्हर उधारीवर बसला. जनरेटर त्याने पडवीतही ठेवू दिला नाही. धुराने माणूस झोपेतच जातो, म्हणाला. मग अंगणात, साखळीने बांधून. थोरली त्या धडधडीतच पाठांतर करी.