नियमनिष्ठ, पण तटस्थ

पालखी निघण्यापूर्वीचा जो रिकामा वेळ जत्रेत असतो, तो आम्ही आजवर अग्रशाळेच्या ओसरीवर सुपारी कातरीत आणि परस्परांची उणीदुणी काढीत घालविला आहे. यंदा ते काम आमच्या कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याने व त्याच्या तिघा मित्रांनी शास्त्रोक्त पद्धतीने हाती घेतले होते. त्यांच्यापुढे एक वही होती आणि वीस बाजूंचा एक फासा. वहीत देवस्थानच्या बहुतेक महाजनांची नावे असून प्रत्येकापुढे वंश, पेशा व वृत्ती अशा तीन नोंदी होत्या.

हा खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. एकाने प्रसंग वर्णावा, इतरांनी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलावे, आणि यशापयशाचा निवाडा फाशाने करावा, असा त्याचा प्रकार. आमच्या दशावतारी नाट्यातही संवाद रंगमंचावरच सुचतात; तेव्हा यात आम्हांस फारसे परकेपण वाटले नाही.

खजिनदारांना त्यांनी भूगर्भात राहून सोने राखणाऱ्या बुटक्यांच्या वंशात घातले होते. वस्तुतः खजिनदार सहा फूट उंच आहेत. पण ज्याने त्यांच्याकडून प्रवासखर्चाची पावती मंजूर करून घेण्याचा यत्न केला आहे, तो या नोंदीस हरकत घेणार नाही. महाप्रसादाच्या दिवशी हाती डाव घेऊन सगळ्या पाकशाळेवर राज्य करणाऱ्या आमच्या काकू योद्ध्यांत गणल्या गेल्या. भटजी अर्थातच ‘क्लेरिक’, म्हणजे देवाचे सेवक. मात्र मूळ नियमांत या पेशाला धारदार शस्त्राची मनाई आहे, आणि आमचे भटजी तर कोयत्याच्या तीन घावांत शहाळे सोलतात. यावर बराच खल झाला.

मग आम्ही विचारले, “आणि आमचे काय?” भाच्याने पान उलटले नाही. “मामा, तुम्ही मनुष्य. पेशा अजून ठरला नाही. वृत्ती: नियमनिष्ठ, पण तटस्थ.”

आम्ही चाळीस ओलांडलेले वकील. ‘नियमनिष्ठ’ या शब्दाने सुखावलो. परंतु ‘तटस्थ’ कशाचे? तेव्हा त्याने खुलासा केला. १९७४ च्या नियमांत नियम, तटस्थता व अनाचार अशा तीनच बाजू होत्या. नियमाच्या बाजूने असणारा तो बहुधा सज्जनच, असे गृहीत धरले जाई. पुढे १९७८ च्या पुस्तकात नऊ वृत्ती पक्क्या झाल्या, कारण नियम पाळणे आणि भले असणे ही दोन वेगळी मापे आहेत, हे तोपर्यंत कर्त्यांच्या ध्यानात आले होते. मनुष्य नियमनिष्ठ सज्जन असू शकतो, नियमनिष्ठ दुष्ट असू शकतो, किंवा भल्याबुऱ्याशी कर्तव्य नसलेला निव्वळ नियमनिष्ठ असू शकतो.

“मामा, ती नगारेवाल्याची गोष्ट,” तो हळूच म्हणाला.

ती गोष्ट अशी. आमच्या नगारखान्यात कित्येक वर्षे नगारा वाजविणाऱ्या गृहस्थाने आपल्या मुलीच्या लग्नासाठी देवस्थानचे सभागृह सवलतीच्या भाड्याने मागितले होते. समितीने आमच्याकडे पाहिले. आम्ही ठरावाचे कलम वाचून दाखविले: सवलत महाजन व त्यांच्या कुटुंबीयांपुरती. आता महाजन कोण, हे १९३३ सालच्या रेगुलामेंताने घालून दिलेल्या चौकटीत ठरते आणि नाव यादीत यायला मुख्यतः जन्म लागतो. सेवा किती केली याचा त्यात रकाना नाही. अर्ज नामंजूर झाला. लग्न अन्यत्र झाले. दुसऱ्या सकाळी नगारा वेळेवर वाजला.

भाच्याने सहज सांगितले की, त्याच्या खेळातही पूर्वी बुटक्या वंशाच्या योद्ध्याला सहाव्या पायरीपलीकडे चढता येत नसे, पराक्रम कितीही असो. ते बंधन २००० सालच्या आवृत्तीत उठले, आणि २०२४ च्या पुस्तकातून तर ‘वंश’ हा शब्दच गेला. आम्ही उत्तर दिले नाही. द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न निव्वळ कायद्याचा होता: जो स्वतःला आधी हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला काय? भीष्म म्हणाले, धर्म सूक्ष्म आहे, आणि निर्णय दिला नाही. आम्हां वकीलमंडळींस भीष्मांच्या त्या उत्तराचे नेहमीच कौतुक वाटत आले आहे. त्याच सभेत विकर्णाने उभे राहून स्पष्ट मत दिले होते; त्याचे नाव मात्र आमच्या पक्षकारांपैकी कोणी मुलाला ठेवलेले पाहिले नाही.

पण आमचे प्रकरण भीष्मांहूनही हलके होते, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. त्या कलमात आणखी एक वाक्य आहे: समितीस योग्य वाटल्यास ही सवलत इतरांसही देता येईल. ते आमच्या डोळ्यांसमोर होते. सभा लांबली होती, जेवणाची पाने मांडली गेली होती, आणि कोणी विचारले नाही. आम्ही कागद घडी करून खिशात घातला.

“वृत्ती बदलता येते का?” आम्ही विचारले.

“येते. पण जुन्या नियमात त्यासाठी एक पायरी खाली उतरावी लागे.”

पालखी निघाली. पहिली प्रदक्षिणा होताच आम्ही गर्दीतून बाजूला झालो, नगारखान्याच्या अरुंद पायऱ्या चढलो, आणि ते दुसरे वाक्य त्या गृहस्थास सांगितले. त्याने पंच्याने कपाळ पुसले.

“म्हाका खबर आशिल्लें, वकीलबाब,” तो म्हणाला. “कारकुनान तेन्नाच सांगिल्लें.”

खाली पालखी दुसऱ्या वळणावर आली होती. त्याने टिपऱ्या उचलल्या आणि आम्हांस जरा बाजूला सरायला सांगितले.