ज्या गोळीने बुरशी मरते

७ मे २०२१, मुरुड
कोरोना ओसरला, ऑक्सिजन ९७. पण ह्यांचा ताप रात्री पुन्हा चढतो. आज थुंकीत रक्त दिसलं. मी ह्यांना मूत्रपिंड दिलं तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं, "ताई, ह्यांचा ताप अंगावर काढायचा नाही." उद्या दापोलीला सीटी.

१० मे, पुणे
उजव्या फुप्फुसात गाठ, भोवती धूसर कडं. सगळ्यांच्या तोंडी म्युकर, ती काळी बुरशी. बाहेर तिच्यावरच्या ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाइकांची वणवण. इथे क्षयही तपासणार. उद्या दुर्बीण घालून फुप्फुस धुतील आणि ते पाणी तपासायला देतील.

१३ मे
म्युकर नाही, ॲस्परजिलस ही दुसरी बुरशी. पाण्यात तिची खूण, गॅलॅक्टोमॅनन, वाढलेली. हिचे कण आपण सगळेच रोज श्वासातून घेतो, पचवतो. ह्यांच्या श्वासनलिकेचं अस्तर विषाणूने सोलवटलेलं, वर स्टेरॉइड. प्रत्यारोपणाच्या गोळ्यांनी प्रतिकार आधीच दाबलेला. 'निसर्ग' वादळात पडलेल्या पोफळी वाडीत अजून कुजताहेत, हे सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "असेल, नसेल. कण सगळीकडेच असतात."

१७ मे
काल तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. मुरुडला भावोजींचा फोन लागेना.
बुरशीवरचं व्होरिकोनाझोल सुरू झालं. ते यकृतातलं विकर अडवतं, म्हणून प्रत्यारोपणाचं औषध टॅक्रोलिमस रक्तात साचतं आणि मूत्रपिंडालाच बाधतं. त्यामुळे टॅक्रो एक तृतीयांशावर. प्रत्यारोपणाची दुसरी गोळी, मायकोफेनोलेट, कोरोनापासून बंदच. टॅक्रो फार कमी केलं तर शरीर माझं मूत्रपिंड नाकारेल. वाढवलं तर बुरशीला रान मोकळं. क्रिएटिनिन १.६.

२१ मे
म्युकरचा प्रत्येक रुग्ण साथरोग कायद्याखाली नोंदवा, असं केंद्राने राज्यांना कळवलंय. पेपर वाचून हे म्हणाले, "आमच्या बुरशीला कोण विचारतो?" पंधरवड्यात पहिल्यांदा चेष्टा केली.

५ जून, मुरुड
घरी आलो. वाडी, गोठा, शेणखत, पाचोळा ह्यांना वर्ज्य. व्होरिकोनाझोलने कातडी भाजते, म्हणून दुपारचं ऊनही नको. संध्याकाळी समुद्रावर जायची मुभा आहे. भावोजींनी कुजलेले ओंडके आम्ही यायच्या आधीच हलवले.
गोळ्यांचा तक्ता स्वयंपाकघरात लावला. व्होरिकोनाझोल जेवणाच्या तासभर आधी. सोमवारी टॅक्रोची पातळी. तळाशी लाल शाईत लिहिलं: व्होरिकोनाझोल थांबेल तेव्हा टॅक्रो पुन्हा वाढवायचं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.