इतर सर्वांविरुद्ध

धाराशिवच्या कोर्टात मला चाळीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात एक मत मी घट्ट धरून ठेवलं आणि ज्युनिअरांच्या गळीही उतरवलं: वकिलाने निवडणुकीला उभं राहू नये. ते मत चुकीचं होतं. एका हुशार मुलीची वाट त्यापायी मी अडवली, म्हणून हे लिहितो आहे.

मत मूळचं माझ्या सीनिअरांचं. "वकील आमदार झाला की पक्षकार पोरका होतो," असं ते म्हणायचे आणि पुढे भाई उद्धवराव पाटलांचं नाव घ्यायचे. ईर्ल्यासारख्या गावातून आलेला, कायदा शिकलेला माणूस. कोर्टात टिकला असता तर कुठल्या कुठे गेला असता. राजकारणात जाऊन हाती काय लागलं? साधं मंत्रिपदही नाही. मी मान डोलवायचो. 1984 साली उद्धवराव गेले तेव्हा मी या धंद्यात नवखा होतो, आणि सीनिअरांचं बोलणं मला तेव्हा दाखल्यासारखं वाटायचं.

2014 मध्ये माझ्या ज्युनिअरला एका पक्षाने विधानसभेसाठी विचारलं. आठ वर्षं ती माझ्याकडे होती. निजामकाळातली इनामाची मुंतखब वाचायला शिकलेली, 1954 चं खासरा पत्रक हातात आलं की कब्जेदाराच्या रकान्यावर आधी बोट ठेवणारी. ती विचारायला आली आणि मी म्हणालो, "मतं मागत फिरायचं होतं तर काळा कोट कशाला घातलास?" ती काही बोलली नाही. पक्षाला तिने नकार कळवला, आणि वर्षभरात स्वतःचं वेगळं टेबल मांडलं.

त्या वेळी माझ्याकडे परंडा तालुक्यातल्या एका बाईंचं प्रकरण होतं. साडेअकरा एकर जमीन. आजेसासरे संरक्षित कूळ, त्यांच्या नावाचं कलम 38-ई चं मालकीचं प्रमाणपत्र बाईंनी साखरेच्या पिशवीत घडी घालून आणलं होतं. घडीवर कागद फाटलेला, कोपऱ्याला हळदीकुंकू. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला त्या ते पाटावर ठेवत. मूळ मालकाच्या वारसांनी तीच जमीन परस्पर विकली होती. तहसील झालं, उपजिल्हाधिकारी झाले, मग औरंगाबादला महसूल न्यायाधिकरण. घेणाऱ्याच्या वकिलांचा मुद्दा बिनतोड वाटायचा: प्रमाणपत्र असेल तर ते जुन्या मालकाविरुद्ध, आमच्या पक्षकाराने रोख पैसे मोजून खरेदीखत केलं आहे, त्याचा काय दोष? मी निवाड्यांचे गठ्ठे वाहून नेत होतो. दर तारखेला बाई एसटीने यायच्या आणि माझी बॅग उचलायला पुढे व्हायच्या.

2019 च्या शेवटच्या सुनावणीत पीठासीन अधिकाऱ्यांनी माझे निवाडे बाजूला सारले आणि कलम वाचायला सांगितलं. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, 1950. त्यातलं 38-ई हे कलम 1954 च्या दुरुस्तीने आलं. हे प्रमाणपत्र मालकीचा निर्णायक पुरावा मानलं जाईल, जमीनधारकाविरुद्ध आणि जमिनीत हितसंबंध असणाऱ्या इतर सर्वांविरुद्ध, असा त्याचा आशय. "इतर सर्वांत तुमचे पक्षकार येत नाहीत का?" एवढंच त्यांनी समोरच्यांना विचारलं. प्रकरण तिथेच संपलं. ते कलम मी शंभरदा वाचलं असेल, पण 'जमीनधारक'पाशी थांबत होतो.

परतीच्या एसटीत मला राहून राहून वाटत होतं, की ही केस मी जिंकली नाही. पासष्ट वर्षांपूर्वी हैदराबादेत ज्यांनी ते शब्द घालून घेतले, त्यांनी ती बाईंसाठी आधीच जिंकून ठेवली होती. पुढे न्याय मागायला येणाऱ्या सगळ्या कुळांसाठी ठेवली होती. माझ्या उभ्या हयातीत माझ्या हातून किती कुळांची कामं होणार?

मग मी उद्धवरावांचं आयुष्य पुन्हा नीट लावून पाहिलं. 1952 च्या हैदराबाद विधानसभेत ते उस्मानाबादेतून, म्हणजे आजच्या धाराशिवमधून, निवडून गेले. सभागृह 175 जणांचं, त्यात काँग्रेसचे 93 आणि उद्धवरावांच्या शेतकरी कामगार पक्षाचे अवघे 10. 38-ई ची दुरुस्ती त्याच सभागृहातून गेली. ती ओळ उद्धवरावांची, असं मी म्हणत नाही. कायदा सरकारने आणला, आणि त्यामागे तेलंगणातल्या शेतकऱ्यांचं सांडलेलं रक्त होतं. पण कूळ, बेदखली म्हणजे काय हे अंगावर झेललेला वकील समोरच्या बाकावर बसलेला असतो, तेव्हा सरकारला शब्द जपून लिहावे लागतात. हे मला कोर्टात राहून कळायला हवं होतं. समोर तयारीचा वकील असला की मीसुद्धा दावा वेगळा लिहितो.

1956 ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. उद्धवराव मुंबईच्या विधानसभेत गेले, विरोधी पक्षनेते झाले, संयुक्त महाराष्ट्रासाठी लढले. पुढे राज्यसभा, आणि 1977 ला लातूरमधून लोकसभा; लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. त्याच लातूरचे वकील शिवराज पाटील 1978 ला विधानसभेचे अध्यक्ष झाले. पक्ष वेगळे, स्वभाव वेगळे, पण कायद्याची पुस्तकं तीच. मंत्रिपद नाही म्हणून मी उद्धवरावांचा हिशेब तोट्यात मांडत होतो. त्यांचे पक्षकार मी मोजलेच नव्हते.

सीनिअरांचं म्हणणं अगदीच पोकळ होतं असं मात्र नाही. तारखेला वकील नसला की निकाल उलटा जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या भीतीवर उपाय शोधायचा सोडून मी मुलीलाच थांबवलं.

निकालानंतरही तिच्याशी बोलायला मी पाच वर्षं लावली. गेल्या वर्षी तिच्या टेबलाशी गेलो, 38-ई ची झेरॉक्स पुढे ठेवली आणि सांगितलं, की 2014 ला मी तुला चुकीचा सल्ला दिला. तिने कलम वाचलं, 'इतर सर्वांविरुद्ध'खाली पेन्सिलीने रेघ ओढली. म्हणाली, "सर, पक्षाचे लोक परत आलेत. पण पुढच्या विधानसभेला उभं राहायचं तर आत्तापासून गावं फिरावी लागतील. माझ्या पक्षकारांना कोण बघणार?"

"मी," म्हणालो.

बुधवारी ती फायली घेऊन आली. एकशे बारा निघाल्या. माझ्या नावाची वकीलपत्रं एकेक लावत, तारखा डायरीत उतरवत बसलो. शेवटची फाईल भूम तालुक्यातल्या एका कुळाची होती, तिची तारीख सोमवारची.