झोपलेली मोलकरीण

चि. मुक्तास,


लंडनच्या नॅशनल गॅलरीतून धाडलेलं चित्र मिळालं. खाली लिहिलेलं 'आमच्या सुमनबाई!' हेही वाचलं. हसू आलं नाही, बाई. त्यांना पेंगताना पकडून कामावरून काढलंस, हे मला तिऱ्हाइताकडून कळावं?

चित्र नीट पाहिलंस तरी का? निकोलास मास, 1655. मोलकरीण गालाला हात लावून झोपलीय, पायाशी भांड्यांचा पसारा, मागे मांजर साफ केलेला पक्षी पळवतंय. मी म्हणते, मालकिणीकडे बघ. ती रागावलेली नाही. थेट आपल्याकडे बघून हसतेय, हात पुढे करून 'पाहा हिचे प्रताप' म्हणतेय. आपल्याला तिनं गुपचूप स्वतःच्या बाजूला ओढलंय आणि तू मुकाट गेलीस! मागच्या खोलीत मंडळी टेबलाशी बसलीत. खरकटी कुणाची, हे नको का विचारायला? मास तेव्हा एकवीस वर्षांचा, रेम्ब्रांकडून शिकून गावी परतलेला. 1660च्या सुमारास त्यानं हे घरगुती विषय सोडले आणि पैसेवाल्यांची व्यक्तिचित्रं करत राहिला. दाम मोजणाऱ्याची बाजू त्याला आधीपासूनच कळत असावी, असं आपलं माझं मत.

त्यापेक्षा मला यान स्टेन आवडतो. व्हिएन्नात त्याचं 1663चं चित्र आहे, 'सुखात सावध राहा' अशा अर्थाचं. तिथं झोपलीय ती घरधनीण! पिंपाची दारू वाहून चाललीय, कुत्रं टेबलावर चढून खातंय, माकड घड्याळाशी खेळतंय, एवढंसं पोर चिलीम ओढतंय. आणि वर छताला टांगलेल्या टोपलीत कुबडी नि तलवार, सगळ्यांच्या डोक्यावर. डच लोक पसाऱ्याच्या घराला अजून 'यान स्टेनचं घर' म्हणतात. हा गृहस्थ आपल्या चित्रांत स्वतःलाही घुसवायचा, तेही हसणाऱ्या बेवड्यांत. उपदेश करायचा तर असा करावा, स्वतःला धरून. तुझे आजोबा... जाऊ दे.

सुमनबाईंच्या चाळीत पाणी पहाटे चारला येतं, ठाऊक आहे तुला? चार घरची भांडी, त्यात धाकटीची यंदा दहावी. दुपारी डोळा लागणार नाही तर काय! आणि परवा फोनवर तुझाही आवाज ओढल्यासारखा येत होता. तू तरी झोपतेस ना रात्री? गोळ्या परत सुरू केल्या नाहीस ना? खरं सांग.

परतलीस की आधी त्यांच्याकडे जा. फोन करू नकोस, स्वतः जा. आणि ते चित्र दाखवू नकोस.

तुझी,
आत्या