ग्रीकांचे ‘जॉर्जकाका’ मुंबईत

आपल्या खान्देशात काय नाही? तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे, केळीच्या बागा आहेत, वांग्याचं भरीत आहे. नाही तो एक समुद्र! जळगावच्या नाहीतर धुळ्याच्या मुलाला खरंखुरं जहाज बघायचं, तर मुंबईच गाठावी लागते. तरीसुद्धा आज मी तुम्हाला युद्धनौकांच्या मुलखात नेणार आहे, आणि त्याही ग्रीक युद्धनौका! चला, डबा बांधून घ्या.

जळगावकरांनी आधी अजिंठ्याला जाऊन यायचं. साठेक किलोमीटर तर अंतर. दोन नंबरच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं, उंच शिडांचं एक जहाज रंगवलेलं आहे. ते लढाईचं नव्हे, व्यापाऱ्याचं. पण सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी, समुद्रापासून इतक्या लांब, डोंगराच्या पोटात कुणीतरी जहाज काढलं, हे नवलच नाही का?

धुळेकर मंडळी आग्रा रोडनं येतील. त्यांनी नाशिकला पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढायच्या. तिथलं १७ नंबरचं लेणं इंद्राग्निदत्त नावाच्या माणसानं कोरवून घेतलं. लेखात तो स्वतःला उत्तरेकडचा ‘योनक’ म्हणजे यवन म्हणवतो. त्या काळी यवन म्हणजे ग्रीक, बरं का! नाव मात्र चांगलं आपल्याकडचं.

मग सगळे भेटू कल्याणला. गाडी थांबली की तुम्हाला आठवतो वडापाव. मला आठवतं ‘पेरिप्लस’! पहिल्या शतकातलं, ग्रीक भाषेतलं हे खलाशी-व्यापाऱ्यांचं पुस्तक. त्यात लिहिलंय, की कल्याण बंदरात ग्रीक जहाज आलंच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची भीती असते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशी आपल्या किनाऱ्याला जरा बिचकूनच असत.

ही झाली व्यापारी जहाजं. ग्रीकांची लढाऊ नौका वेगळीच होती. तिचं नाव ट्रायरीम. एसटीच्या तीन बस एकामागे एक उभ्या करा, साधारण तेवढी तिची लांबी. तेवढ्या जागेत १७० वल्हेकरी, एकावर एक अशा तीन ओळींत! सनईसारख्या वाद्याच्या सुरावर सगळी वल्ही एकदम पडायची. एकाचा ताल चुकला की शेजाऱ्याच्या वल्ह्यावर आदळलंच! नाकावर ब्राँझची धडकी. शत्रूच्या कुशीत ती घुसवायची आणि मागे सरकायचं, हीच लढाई. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये सालामिसच्या चिंचोळ्या खाडीत ग्रीकांनी अशाच नौकांनी इराणच्या प्रचंड आरमाराची दाणादाण उडवली. इराणचा सम्राट झर्क्सिस किनाऱ्यावरून बघत होता म्हणतात.

आता आलो मुंबईला. गेटवेपाशी उभे राहा आणि बंदराकडे बघा. ऑगस्ट १९४१ च्या अखेरीपासून नोव्हेंबर १९४२ पर्यंत एका ग्रीक युद्धनौकेचा तळ याच मुंबई बंदरात होता. तिचं नाव ‘गेऑर्गिओस आव्हेरॉफ’.

हे नाव एका धनिकाचं. इजिप्तमध्ये व्यापार करून गबर झालेल्या या ग्रीक माणसानं मृत्युपत्रात आरमारासाठी पैसे ठेवले. नौकेच्या किमतीचा तिसरा हिस्सा त्यातून निघाला. १९१० साली इटलीत ती पाण्यात उतरली. सांगाडा इटलीचा, तोफा इंग्लंडच्या, बॉयलर फ्रान्सचे! १९११ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्यारोहणाला गेली, तेव्हा खलाशांना निळ्या बुरशीचं चीज वाढलं. तिथल्या लोकांना ते फार आवडतं. यांना वाटलं, नासकं दिलं! झालं, जहाजावर बंडच झालं, असं सांगतात. मला तर खलाशांचंच बरोबर वाटतं.

१९१२ च्या डिसेंबरात तुर्की आरमाराशी गाठ पडली. बाकीच्या ग्रीक नौका हळू चालणाऱ्या. सेनापती कुंटुरिओटिस यांनी त्यांना मागे सोडलं आणि एकटी आव्हेरॉफ पुढे काढून शत्रूला पळवून लावलं. तेव्हापासून खलाशी तिला लाडानं ‘नशीबवान जॉर्जकाका’ म्हणू लागले.

पण १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन फौजा ग्रीसमध्ये घुसल्या. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जहाज बुडवून टाकायचा हुकूम निघाला. खलाशांनी तो चक्क धुडकावला. काकांना कोण बुडवणार? ते जहाज घेऊन क्रीट बेटावरून अलेक्झांड्रियाला निसटले आणि तिथून पुढे मुंबईला. तीस वर्षांचं म्हातारं जहाज, तरी हिंदी महासागरात गस्त घालायचं आणि मालवाहू तांड्यांना सोबत करायचं काम त्यानं केलं.

जरा विचार करा. मायदेश शत्रूच्या ताब्यात. त्या हिवाळ्यात अथेन्समध्ये हजारो लोक उपासमारीनं मेले. घरची माणसं जिवंत आहेत की नाहीत, कसं कळणार? आणि जहाजाचा तळ मुंबईत असतानाच, ऑगस्ट १९४२ मध्ये, गोवालिया टँकवर ‘छोडो भारत’ची हाक उठली! आपल्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं होतं. खान्देशाला ती हाक नवी नव्हती. एकाच शहरात दोन पारतंत्र्यांतली माणसं. एक इंग्रजांच्या बाजूनं लढणारी, दुसरी इंग्रजांना ‘जा’ म्हणणारी. त्यांची एकमेकांशी बोलाचाली झाली असती, तर काय बोलली असती?

ऑक्टोबर १९४४ मध्ये परागंदा ग्रीक सरकारला मायदेशी पोचवायचा मान आव्हेरॉफलाच मिळाला. १९५२ साली ती निवृत्त झाली, आणि आज अथेन्सजवळ तिचं संग्रहालय आहे. शेजारीच ‘ऑलिंपियास’ नावाची, १९८७ साली नव्यानं बांधलेली ट्रायरीमही ठेवली आहे.

आणि आपली ‘विक्रांत’? १९७१ च्या युद्धात गाजलेली ही विमानवाहू नौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ साली ती धोकादायक म्हणून लोकांना बंद केली, २०१४ साली भंगारात विकली. तिच्या काही पोलादाच्या तर मोटारसायकली झाल्या! २०२२ साली नवी विक्रांत आरमारात आली हे खरंच. पण जुनीच्या डेकवर उभं राहायला मिळालं असतं तर, असं मला अजून वाटतं.

जळगावची गाडी सुटायला वेळ असेल, तर आईबाबांना लायन गेटाकडे न्यायला सांगा. जुन्या विक्रांतच्या धातूचं एक स्मारक तिथल्या चौकात उभं आहे. स्टेशनपासून फार लांब नाही.