दुसरबीडची फ्रेंच शिकवणी

सिंदखेड राजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहायला लोक जातात, लोणारला विवर पाहायला जातात. पण सिंदखेड राजाहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या दुसरबीडला मुद्दाम उतरणारा प्रवासी विरळाच. जवळ राहेरीला खडकपूर्णेवरचा पूल, भोवती कापूस-सोयाबीनची शेते. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावी रोज रात्री फ्रेंच भाषेची शिकवणी चालते असे सांगितले, तर वाचकहो, तुम्ही थट्टाच समजाल. मी ती या कानांनी ऐकली आहे.

विद्यार्थिनी माझी मावसबहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो. वय साठीच्या पुढे, शिक्षण सातवीपर्यंत. तिची लेक फ्रान्सात ल्याँ शहरी नांदते आणि तिच्या पहिल्या बाळंतपणाला आक्का निघाली होती. जावई दिवसभर कामावर, लेक अवघडलेली, अन् घरात सगळी विजेची यंत्रे!

"भाऊ, गप्पा मारता नाही आल्या तरी चालेल," आक्का म्हणाली, "पण यंत्र अडलं तर शेजारणीला सांगू कशी?"

म्हणून लेक फोनवरून शिकवी आणि आक्का वहीत देवनागरीत उतरून घेई.

गंमत अशी, की ही भाषा तिला मराठीतून फार दूरची वाटेना. इंग्रजीत यंत्र 'काम करते'. फ्रेंचमध्ये ते आपल्यासारखे चालते. 'सा मार्श' म्हणजे 'चालतंय', 'सा न मार्श पा' म्हणजे 'चालत नाही'. आपण दिवा लावतो तसा रेडिओही लावतो. फ्रेंच माणसालाही दोन्हींना 'आलूमे' हे एकच क्रियापद पुरते. यंत्र बिघडले की ते 'आँ पान' होते.

"म्हणजे पान खाऊन बसलं!" आक्काने लगेच खूण बांधली. ती आता जन्मात विसरायची नाही.

लिंगाचा घोळ मात्र तिथेही आहे. त्यांच्याकडे नपुंसकलिंग नाही. 'ल' लागला की पुल्लिंग, 'ला' लागला की स्त्रीलिंग. 'ल फ्रिगो' म्हणजे तो फ्रीज आणि 'ला माशीन आ लाव्हे' म्हणजे ती धुण्याची मशीन, इथपर्यंत ठीक. पण इस्त्री? ती 'ल फेर आ रपासे', म्हणजे चक्क पुरुष! आक्काला हे काही पटले नाही. शिवाय 'ला प्रीज' म्हणजे फ्रीज नव्हे, तर भिंतीतले प्लग खुपसायचे ठिकाण. तिथे आपली तीन जाड पिनांची पिन बसत नाही, बारीक दोन पिनांची बसते. हेही वहीत होते.

भाषा ग्रंथांतून शिकता येते, तशी ती ओट्यापासूनही शिकता येते. घर सांभाळायचे ठरले, की कोणते शब्द आधी हवेत हे बाईला कोणी सांगावे लागत नाही. आक्काच्या वहीचे शेवटचे पान याची साक्ष देत होते. त्यावर यंत्रांपैकी फक्त टेलिफोन होता आणि पुढे ठळक आकडा : 15, उच्चार 'कँझ'. फ्रान्सात तातडीची वैद्यकीय मदत या क्रमांकावर मिळते. खाली एकच वाक्य : 'मा फीय आकूश.' माझी मुलगी बाळंत होते आहे.

बाकीची वाक्ये आक्का वहीत पाहून म्हणे. हे एवढे तिने वही मिटून म्हणून दाखवले.