न कळण्याचे दोन प्रकार

अकरावीच्या रसायनशास्त्रात अणूच्या रचनेचा धडा येतो आणि दरवर्षी मी फळ्यावर तीच चित्रं काढते. एस ऑर्बिटल गोल, पी ऑर्बिटल डंबेलसारखं, डी ऑर्बिटलच्या चार पाकळ्या. शेजारी क्वांटम नंबरांचा तक्ता. एन म्हणजे १, २, ३. एल शून्यापासून एन वजा १ पर्यंत. एम उणे एलपासून अधिक एलपर्यंत. मुलं तक्ता पाठ करतात, सीईटीत त्यावर प्रश्न येतो, मार्क पदरात पडतात. पण बहुतेक वर्षी एखादा तरी हात वर होतो. “मॅडम, एल एन वजा एकपर्यंतच का? आणि डंबेलच का?” श्रोडिंगरचं समीकरण सोडवलं की हे मिळतं, एवढं सांगून पुस्तक पुढे जातं. अकरावीच्या गणितात ते समीकरण सुटणारं नाही, त्यामुळे पुस्तकाचाही इलाज नसतो. माझं एमएस्सी सेंद्रिय रसायनात झालेलं. ते समीकरण सोडवलं की नेमकं काय घडतं, हे मला एकदा स्वतःच्या हाताने करून बघायचं होतं. नोकरी आणि घर सांभाळून पुन्हा कॉलेजात जाऊन बसणं शक्य नव्हतं, म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घातलं.

आपल्याकडे ही सोय किती मोठी आहे, याची पुरेशी जाणीव अजून नाही. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्या जगाला फुकट द्यायचं २००१ साली जाहीर केलं. त्यानंतर २००३ मध्ये आपल्या आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून एनपीटेल सुरू केलं. एनपीटेलचा अभ्यासक्रम साधारण ८ किंवा १२ आठवड्यांचा असतो. दर आठवड्याला व्हिडिओ आणि एक असाइनमेंट, शेवटी हवी असल्यास केंद्रावर जाऊन परीक्षा. शिकायला पैसे पडत नाहीत. परीक्षेची फी तेवढी असते. मी १२ आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला आणि जोडीला दोघांची व्याख्यानं ऐकत गेले. आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांची आणि एमआयटीच्या अ‍ॅलन अ‍ॅडम्स यांची, २०१३ सालची. बालकृष्णन खडू घेऊन फळ्यावर एकेक ओळ बांधत नेतात. अ‍ॅडम्स सूत्रांना हात घालण्याआधी प्रयोग समोर ठेवतात. या दोन रीती एकमेकींना पूरक ठरल्या.

व्हिडिओ बघताना सगळं कळतंय असं वाटतं. शिक्षक चांगला असला की जास्तच वाटतं, कारण तो आपल्याला अडखळूच देत नाही. व्हिडिओ थांबवून कोऱ्या कागदावर तीच ओळ स्वतः मांडायला घेतली की खरी स्थिती कळते. डेरिव्हेटिव्ह दोनदा घेताना चिन्ह चुकतं, इंटिग्रल कुठून कुठपर्यंत घ्यायचं ते सुचत नाही. हे न कळणं आपलं असतं, त्याला औषध आहे आणि ते कागद-पेनात आहे. असाइनमेंटची तारीख जवळ आली की मी रात्री जेवणानंतर वही उघडून बसायची, आणि दोन दिवसांपूर्वी अशक्य वाटलेलं गणित चार पानं खरडल्यावर सुटायचं. इतपत अनुभव कुठल्याही विषयात येतो. क्वांटम मेकॅनिक्स शिकताना मात्र आणखी एका प्रकारचं न कळणं वाट्याला येतं आणि ते पहिल्याहून फार निराळं आहे.

अ‍ॅडम्स पहिल्याच तासाला इलेक्ट्रॉनचे दोन गुण घेतात. त्यांना मुद्दाम साधी नावं दिली आहेत. एक रंग, काळा किंवा पांढरा. दुसरा पोत, कठीण किंवा मऊ. रंग मोजणारी एक पेटी, पोत मोजणारी दुसरी. पांढरा म्हणून निवडलेला इलेक्ट्रॉन पुन्हा रंगाच्या पेटीत सोडला तर दरवेळी पांढराच निघतो. इथवर ठीक. आता पांढरे इलेक्ट्रॉन पोताच्या पेटीत सोडायचे. निम्मे कठीण निघतात, निम्मे मऊ. त्यातले फक्त कठीण घेऊन पुन्हा रंग मोजायचा. सगळे पांढरेच होते, तेव्हा पांढरेच निघावेत. पण निम्मे काळे निघतात. पोत मोजल्याबरोबर रंगाची आधीची नोंद पुसली गेली.

खरा धक्का पुढे आहे. पोताच्या पेटीतून निघालेल्या कठीण आणि मऊ या दोन्ही वाटा आरशांनी वळवून पुन्हा एकत्र आणायच्या आणि कोण कुठल्या वाटेने गेला हे बघायचं नाही. शेवटी रंग मोजला तर सगळेच्या सगळे पांढरे. मग एका वाटेवर आडवी भिंत घालायची. निम्मे इलेक्ट्रॉन भिंतीला अडतात. जे पोचतात त्यांत निम्मे काळे निघतात. जे पोचले ते तर मोकळ्या वाटेने आले होते. दुसऱ्या वाटेवर भिंत आहे की नाही, याचा त्यांच्याशी संबंध काय? इलेक्ट्रॉन कठीण वाटेने गेला म्हणावं तर आकडे जुळत नाहीत, मऊ वाटेने गेला म्हणावं तरी जुळत नाहीत, दोन्हींनी किंवा एकाही वाटेने नाही म्हणावं तरी नाहीत. या अवस्थेला सुपरपोझिशन म्हणतात.

ही काल्पनिक कोडी नाहीत. रंग आणि पोत म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे दोन वेगळ्या दिशांतले घटक. १९२२ साली फ्रँकफर्टमध्ये ऑटो स्टर्न आणि वॉल्टर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला. जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे काचेवर एक सलग पसरलेला पट्टा उमटायला हवा होता. झोत दुभंगून दोन भाग झाले. मधलं काही नाही. हो किंवा नाही, दोनच उत्तरं.

निवडणुकीनंतर मतदान यंत्रं सील करून ठेवतात. निकाल कोणालाच माहीत नसतो, पण तो आत ठरलेला असतो. मोजणीच्या दिवशी तो फक्त उघड होतो. शक्यता हा शब्द आपण आयुष्यभर याच अर्थाने वापरतो. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत हा अर्थ लागू पडत नाही. पोत मोजलेल्या इलेक्ट्रॉनचा रंग आपल्यापासून लपलेला नाही. मोजेपर्यंत तो ठरलेलाच नाही. ‘मला माहीत नाही’ आणि ‘ते ठरलेलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या अभ्यासक्रमाने मला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हा फरक. पहिल्या प्रकारचं न कळणं मेहनतीने दूर करायचं असतं. दुसरं जसं आहे तसं मान्य करून त्याचं गणित चोख मांडायचं असतं.

हे गणित किती चोख असतं, ते सगळ्यात साध्या उदाहरणात दिसतं. एक इलेक्ट्रॉन, एका मितीच्या पेटीत कोंडलेला. भिंती अशा की त्यापलीकडे जाणं अशक्य. पेटीच्या आत समीकरण सोडवलं की साइन आणि कोसाइन येतात. भिंतीवर लहर शून्य असली पाहिजे. डाव्या भिंतीपाशी ही अट घातली की कोसाइन गळून पडतो. उजव्या भिंतीपाशी घातली की पेटीत अर्ध्या लहरी पूर्ण संख्येनेच बसू शकतात. एक, दोन, तीन, पण दीड नाही. संपलं. एन ही पूर्ण संख्या इथून आली. ती कोणी वरून लादली नाही, दोन भिंतींनी दिली. एक नॅनोमीटर लांबीच्या पेटीसाठी आकडे घातले तर सगळ्यात खालची ऊर्जा ०.३७६ इलेक्ट्रॉन व्होल्ट येते, दुसरी तिच्या चौपट, तिसरी नऊपट. शून्य ऊर्जेचा पर्याय उरतच नाही. कोंडलेला इलेक्ट्रॉन स्वस्थ बसू शकत नाही.

पेटी लांब केली की पायऱ्या जवळजवळ येतात, हे त्याच सूत्रात दिसलं आणि माझ्यातली रसायनाची शिक्षिका जागी झाली. इथिलीनमध्ये एकच दुहेरी बंध. तो १७० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतो, म्हणून आपल्याला रंग दिसत नाही. गाजरातल्या बीटा कॅरोटीनमध्ये असे ११ दुहेरी बंध एकाआड एक ओळीने असतात. इलेक्ट्रॉनला फिरायला लांब जागा मिळते, ऊर्जेच्या पायऱ्या जवळ येतात, शोषण ४५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या प्रकाशात येतं आणि गाजर नारिंगी दिसतं. पेटीचं साधं गणित गाजराचा नेमका आकडा देत नाही. त्यासाठी बरंच जास्त काम करावं लागतं. पण साखळी लांबली की शोषण कुठल्या दिशेने सरकणार, ते हे गणित बरोबर सांगतं. भाजी चिरताना हे आठवतं आणि मला मनापासून आनंद होतो.

हायड्रोजनपर्यंत पोचायला बरेच आठवडे लागतात. तिथे समीकरणाचे तीन तुकडे होतात. एका पूर्ण फेरीनंतर लहर स्वतःशी जुळली पाहिजे, या अटीतून एम पूर्ण संख्या होतो. दोन्ही ध्रुवांवर उत्तर अनंताकडे जाता कामा नये, या अटीतून एल मिळतो. केंद्रापासून फार दूर लहर विझली पाहिजे, म्हणून एक मालिका मध्येच तुटावी लागते आणि ती तुटण्यासाठी एन हा एलपेक्षा निदान एकने मोठा असावा लागतो. एल एन वजा एकपर्यंतच का, याचं उत्तर हे. एल १ आणि एम शून्य घेतलं की कोनाचा भाग फक्त कोसाइन उरतो. त्याचा वर्ग केला की विषुववृत्तावर शून्य आणि दोन्ही ध्रुवांकडे सर्वात जास्त. वहीत कोन मांडून बिंदू जोडत गेले आणि वर एक, खाली एक असे दोन फुगे उमटले. डंबेल. वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेला आकार माझ्याच आकडेमोडीतून समोर आला, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

अशा वेळी सत्येंद्रनाथ बोस आठवतात. ते ढाका विद्यापीठात शिकवत होते. प्लांकच्या नियमाची तेव्हा प्रचलित असलेली सिद्धता त्यांना पटत नव्हती. अर्धी बाजू जुन्या भौतिकशास्त्राची, अर्धी नव्याची. त्यांनी ती वेगळ्या रीतीने मांडली आणि १९२४ च्या जूनमध्ये लेख आइन्स्टाइनना पाठवला. आइन्स्टाइननी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून तो छापवला. त्या लेखातून क्वांटम सांख्यिकी उभी राहिली. बोसांची झेप आपल्या आवाक्यातली नाही. पण जे शिकवायचं त्याची सिद्धता आधी आपल्याला पटली पाहिजे, हा त्यांचा आग्रह कुठल्याही शिक्षकाला धरता येतो.

क्वांटम मेकॅनिक्सचा अर्थ काय, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. आकड्यांबद्दल मात्र भांडण नाही. इलेक्ट्रॉनची उत्तरं आत कुठेतरी आधीच लिहिलेली असतील, आपल्याला दिसत नाहीत इतकंच, अशी शंका आइन्स्टाइनसारख्यालाही होती. १९६४ मध्ये जॉन बेल यांनी या शंकेचा निवाडा प्रयोगाने करण्याची रीत दाखवली. दूरच्या दोन कणांनी एकमेकांवर तत्क्षणी परिणाम करायचा नाही, अशी अट घालून उत्तरं आधीच लिहिलेली आहेत असं मानलं, तर निरीक्षणांतल्या मेळाला एक मर्यादा पडते. क्लॉझर, आस्पे आणि झाइलिंगर यांच्या प्रयोगांत ती मर्यादा ओलांडली गेली. २०२२ चं नोबेल त्यांना मिळालं ते यासाठी.

म्हणूनच ‘क्वांटम’ हे नाव लावून बांगड्या, पाणी आणि उपचार विकले जातात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. ‘विज्ञानालाच सगळं कळलेलं नाही, म्हणून काहीही शक्य आहे’ हा त्या विक्रीमागचा युक्तिवाद. तो न कळण्याच्या दोन प्रकारांची सरमिसळ करतो. इलेक्ट्रॉनचा रंग ठरलेला नसतो हे खरं. पण हजार इलेक्ट्रॉन मोजले तर साधारण किती पांढरे निघतील, ते पक्कं ठरलेलं असतं. निसर्गातल्या या अनिश्चिततेचे नियम इतके कडक आहेत की त्यात मनाला येईल ते घुसवायला जागा नाही. हे व्हिडिओ बघून पटत नाही, एक गणित हाताने सोडवलं की पटतं.

अकरावी-बारावीच्या मुलांना, त्यांच्या शिक्षकांना आणि विज्ञान शिकून पुढे दुसऱ्याच वाटेला लागलेल्या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे. अभ्यासक्रमाला नाव घाला, खर्च नाही. डिफरन्शिएशन आणि इंटिग्रेशनची बारावीची उजळणी आधी करा. व्याख्यान सुरू असताना वही उघडी ठेवा आणि अडलात की व्हिडिओ थांबवा. पेटीतल्या इलेक्ट्रॉनचं गणित पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठेही न बघता, स्वतः सोडवा. तेवढं झालं की पुढचा आठवडा उघडा.